शिवडीचा चिखल

हार्बर लाइनने शिवडी, मग ट्रक आणि धूळ चुकवत जेट्टी. सोबत माझे चित्रकलेचे सर. कॅमेरेवाल्यांची आधीच झुंबड उडाली होती आणि प्रत्येकाच्या तोंडी फ्लेमिंगो. सरांची नजर मात्र ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर खिळलेली.

बराच वेळ त्यांनी ब्रशला हात लावला नाही. मग पेन्सिलने तिवरांची कड काढली आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूची एक लांब रेघ. पूल वगळला तर बरं, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "तो समोर आहे ना? मग येऊ दे."

त्यांनी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र केले. काळ्याचा थेंबही न घालता दाट राखाडी तयार झाला. खडबडीत कागदावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, पसरला, तसे निळ्याचे कण खळग्यांत बसू लागले आणि सपाट रंगाला पोत आला. मी वाकून पाहिलं तर कागदावर खरोखर गाळ साचत होता! खाडीच्या दमट हवेत वॉश लवकर वाळेना. सरांनी त्याचाच फायदा घेतला, ओल्यातच हिरवा सोडला आणि तिवरं कडेने विरघळू दिली. हे पाहायला मी कितीही वेळ उभी राहीन.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, पक्षी काढा की, गुलाबी!" आणि सरांच्या खांद्यावरून एक मोबाइल थेट कागदावर आला. मला संताप आला. काम करणाऱ्या माणसाला जरा जागा द्यावी, एवढंही लोकांना कळू नये? सरांनी मात्र ब्रश खाली ठेवून त्या मुलाला समजावलं. फ्लेमिंगोची पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग नंतर खाण्यातून येतो, शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे. "हा चिखल नसेल तर ते खाणार काय? म्हणून आधी चिखल."

भरती चढू लागली तसे पक्षी किनाऱ्याकडे सरकले आणि गर्दीचा कल्ला वाढला. सरांनी कागदावर काही जागा कोऱ्या राखल्या होत्या, त्यांच्या कडांना अगदी पातळ गुलाबी लावला. बाकी पक्षी पांढरेच ठेवले.

निघताना म्हणाले, "अमावस्येला परत येऊ. उधाणाची ओहोटी लांब जाते, चिखल आणखी उघडा पडेल." मी लगेच हो म्हटलं, फक्त शनिवार-रविवार नको.