लेंटचा उपवास आणि लिथियमची गोळी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस, सुरू झाला की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर उपवास प्रार्थनेच्या तारखा पडायला लागतात. यंदा त्यातच एका आँटींनी लिहिलं की या चाळीस दिवसांत गोळ्या बाजूला ठेवा, सगळं प्रभूवर सोडा, बघा कशी साक्ष द्यायला मिळते ते. खाली लगेच आमेन, आमेन, हात जोडलेले इमोजी. कुणाच्या गोळ्या ते लिहिलं नव्हतं, पण आमच्या घरात ते कळायला वेळ लागला नाही. शुगरच्या गोळीबद्दल असं कुणी लिहीत नाही ना. बीपीची, थायरॉईडची गोळी घेऊनच निम्मी मंडळी रविवारी उपासनेला येते आणि त्यांच्या विश्वासावर कुणी बोट ठेवत नाही, डोक्याची गोळी म्हटलं की मात्र लगेच विश्वास मोजायला सुरुवात. मला याचा खरंच राग येतो.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे. कधी महिना महिना उठून आंघोळ करायचंसुद्धा जिवावर येतं, आणि कधी एकदम उलटं, रात्ररात्र झोप नाही, बोलणं थांबत नाही, खिशात असेल नसेल तेवढा पैसा वाटून मोकळा. एकदा पहाटे कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या माणसांना थांबवून थांबवून बायबलमधलं वचन सांगत होता, पायात चप्पल नाही, आवाज बसलेला, ओठ सुकलेले. मंडळीतल्या काहींना वाटलं पोरगं पवित्र आत्म्याने भरलंय. मम्मीने तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, ह्याच्या पोटात काल सकाळपासून काही नाही, आधी घरी चला.

काही जण थेट दुष्टात्मा म्हणतात. त्यांनी बायबलमधलं मत्तय ४:२४ शांतपणे वाचावं. येशूकडे आणलेल्या लोकांची तिथे यादी आहे, त्यात भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी म्हणजे फिट येणारे वेगळे, पक्षघाती म्हणजे लकवा झालेले वेगळे लिहिलेत. दोन हजार वर्षांपूर्वी हा फरक करता येत होता. आणि बायबलमधल्याच हिज्कीया राजाची गोष्ट तर मला फार जवळची आहे. तो मरणाला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली, देवाने ऐकलं, पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं, आणि त्यानंतर यशया संदेष्टा काय सांगतो तर अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. २ राजे, अध्याय २०. प्रार्थना ऐकली गेली होती तरी औषध लावलंच की!

आता त्या उपवासाबद्दल, कारण हे जिवावरचं आहे आणि मंडळीत कुणी सांगत नाही. भावाला लिथियम चालू आहे. मॅनियाच्या, म्हणजे त्या रात्ररात्र न झोपता उसळण्याच्या, पेशंटना ते देऊन फरक पडतो हे जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये छापून आणलं आणि आजही ते वापरतात. हे एक प्रकारचं क्षारच, जमिनीतून निघणारं, मला तर त्यात देवाचीच तजवीज दिसते. पण त्याचं माप फार बारीक. रक्तात साधारण ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात, त्याच्या फार वर गेलं की विष. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी सकाळी रक्त द्यायचं, मधूनमधून किडनी आणि थायरॉईडची तपासणी. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते, त्यामुळे अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ती दोन्ही धरून ठेवायला लागते आणि लिथियम चढत जातं. म्हणजे मार्चच्या उन्हात, पाण्याचा थेंब न घेता दिवसभर उपवास, हे लिथियमवरच्या माणसाला कुणी सांगितलं तर त्याचे हात जास्त थरथरायला लागतील, उलट्या, जुलाब, जीभ जड, चालताना झोक जाईल, आणि लोक म्हणतील अंगातून दुष्टात्मा निघतोय म्हणून असं होतंय. तेव्हा आणखी प्रार्थना करत बसायचं नाही, उचलून हॉस्पिटलला न्यायचं. उपवासाने डोकं दुखलं म्हणून ब्रुफेन घेतली तर अजूनच वाईट, तिनेही लिथियम वाढतं. आणि गोळी एकदम बंद केली तर मॅनिया परत उसळू शकतो. कमी करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू करतात.

गोळीने सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. वजन वाढलंय, तहान सारखी लागते, चहाचा कप बशीवर खडखडतो, त्याला ते चारचौघांत नको वाटतं. आधीच्या एका डॉक्टरांनी तर "हे चर्चबिर्च जरा कमी करा" म्हटलं, तर पठ्ठ्या परत त्यांच्याकडे गेलाच नाही. आत्ताचे डॉक्टर हिंदू आहेत, पण लेंट कधी सुरू होतो ते स्वतःहून विचारतात. ठरलं असं की पाणी आणि मीठ नेहमीएवढंच, जेवण वेळेवर, आणि त्याने सोडायचं मटण. कोल्हापुरात चाळीस दिवस तांबडा-पांढरा सोडणं हा काही लहान उपवास नाही. पाळकसाहेब घरी आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि गोळीच्या वेळेला स्वतः पाण्याचा ग्लास भरून दिला.

आपल्याकडे तर औषध परकं असायचं काही कारणच नाही. मिरजेला डॉक्टर वॉन्लेसांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, ते प्रार्थना करूनच सुरी हातात घेणारे. या सगळ्या भागातल्या कितीतरी घरांचा मंडळीशी पहिला संबंध दवाखान्यातूनच आला.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं: आँटी, कुणाच्याही गोळ्या बंद करायला सांगू नका, लिथियम चालू असलेल्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारा, आणि गेल्या काही दिवसांत कुणी सांगण्यावरून बंद केली असेल तर आजच्या आज डॉक्टरांना फोन करा. मन फारच खचलं असेल, मरणाचे विचार येत असतील तर १४४१६, टेली-मानस, सरकारचा नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं.