आधी पाय दिसतात

गेली अकरा वर्षे मी चित्रपटांच्या कलाविभागात आहे आणि जुने दिसेल असे काहीतरी नव्याने करणे हे माझे रोजचे काम आहे. गेल्या पावसाळ्यात ज्या चित्रपटावर मी सहायक कलादिग्दर्शक होते, त्याची कथा १९१०च्या सुमारास गावोगाव फिरणाऱ्या एका काल्पनिक संगीत नाटक मंडळीची होती आणि तिच्यातले बहुतेक प्रसंग पडद्यामागे, म्हणजे रंगपटात, विंगेत आणि कंपनीच्या बिऱ्हाडात घडत होते. मंडळीच्या स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या, नटाला दुपारी मूल गेल्याची बातमी कळते आणि तरीही रात्री तो नायिका म्हणून उभा राहतो, हा त्यातला कळीचा प्रसंग होता. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग केला, त्याच दिवशी नायिकेची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची मुलगी वारली होती आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत ठाऊक नसलेला मराठी नाट्यरसिक विरळा, त्यामुळे प्रसंगाचे मूळ कोठे आहे हे कोणाला सांगावे लागत नव्हते.

माझ्याकडे पडदे होते. राजवाड्याचा, रस्त्याचा, अरण्याचा आणि एक दर्शनी, म्हणजे प्रेक्षकांसमोर सर्वांत पुढे असणारा, असे चार पडदे आम्ही मांजरपाटावर रंगवले. सरस उकळून त्यात खडूची भुकटी कालवायची, तिचे दोन हात द्यायचे, आणि मग गेरू, पिवडी, नीळ, काजळी असे भुकटीचे रंग त्याच सरसात कालवून चढवायचे, ही पद्धत आम्ही मुद्दाम धरली. कारण हा रंग दिव्याखाली चकाकत नाही आणि कॅमेऱ्याला खोटा वाटत नाही. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक मंडळीसाठी असेच पडदे रंगवत असत. त्यांतल्या बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. पडदा रंगवणारे हात सिनेमात शिरले ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीचीच असल्याने, सरसाच्या वासाने नाक मुरडणाऱ्या आमच्या निर्मिती विभागाला मी ती वारंवार ऐकवीत असे.

दर्शनी पडदा चोवीस फूट रुंद आणि सोळा फूट उंच असा गुंडाळीचा होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची रचना सांगते. कापडाची वरची कड आडव्या वाशाला पक्की केलेली असते आणि खालची कड एका लांब लाकडी रुळाला. रुळाच्या दोन्ही टोकांना दोराचे वेढे असतात. ते दोर वरच्या कप्प्यांवरून, म्हणजे दोर फिरवणाऱ्या चाकांवरून, विंगेत येऊन एकत्र बांधलेले असतात. दोर ओढले की वेढे सुटतात, रूळ फिरतो आणि कापड त्याच्याभोवती गुंडाळले जात वर चढते. दोन्ही दोर सारखे ओढले गेले नाहीत तर रूळ तिरपा होतो, कापडाला चुणी पडते आणि चुणीवरचा रंग उडतो.

दोर ओढण्यासाठी म्हणून ज्यांना बोलावले होते, ते काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तरुणपणी एका फिरत्या कंपनीत ते पडद्यावर होते. पुढे कंपनी बसली आणि त्यांनी गिरणीत नोकरी धरली. त्यांच्या हाताच्या फक्त जवळच्या दृश्यापुरतीच आम्हाला त्यांची गरज होती, असे आम्ही समजत होतो.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता आणि पत्र्याच्या ज्या शेडमध्ये आम्ही रंगमंच उभारला होता, ती उजव्या बाजूला गळत होती. पाण्याखाली आम्ही बादली ठेवली आणि निर्धास्त झालो. काका आले, चहा घेतला, दोन्ही दोर मुठीत धरून जरासे ताणले आणि म्हणाले, “ताई, उजवा प्यायलाय.” दोर पाणी पिऊन आखडला होता, त्यामुळे रुळाचे उजवे टोक दोन इंच वर उचलले गेले होते, आणि मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्या माझ्या लक्षात ते आले नव्हते. त्यांनी गाठ सोडली, उजव्या दोराला चार बोटे ढील दिली, पुन्हा गाठ मारली. रूळ जमिनीला समांतर झाला.

खरी अडचण चित्रीकरण सुरू झाल्यावर आली. कॅमेरा रंगमंचाच्या मागच्या बाजूला, नटाच्या पाठीशी होता. तिसरी घंटा, ऑर्गनचा सूर, सहायक दिग्दर्शकाचा इशारा, आणि पडदा वर जाताना समोरच्या, रॉकेलवर जळणाऱ्या किटसनच्या बत्त्यांचा उजेड आत यावा, अशी आखणी होती. (बत्त्यांत अर्थात एलईडी दिवे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हापासून मी रंगवलेल्या कापडाजवळ उघडी ज्योत येऊ देत नाही.) इशारा झाला आणि पडदा हललाच नाही. पाच-सहा सेकंदांनी तो सरसर वर गेला, पण तोवर नटाचा भाव ओसरला होता. दुसऱ्या वेळी तेच झाले आणि तिसऱ्या वेळीही. चौथ्या वेळी दिग्दर्शक स्वतः विंगेत आले आणि काकांना ऐकायला कमी येते का, असे त्यांनी मला विचारले, ते काकांच्या समोरच विचारले. प्रेक्षक म्हणून बसवलेली दीडशे माणसे पंख्याविना घामाघूम होत होती, हे लक्षात घेतले तरी मला ते आवडले नाही.

काका रागावले नाहीत. “ऐकलं मी,” ते म्हणाले. “पण यांचे पाय हलतायत.”

कोणालाच अर्थ कळला नाही, म्हणून त्यांनी रूळ वीतभर वर घेऊन दोर एकाला धरायला लावला आणि मला स्वतः प्रेक्षकांच्या बाजूला नेऊन उभे केले. त्या वीतभर फटीतून मला नटाचे पाय दिसले, लुगड्याचे काठ दिसले आणि बाकी काहीही दिसले नाही. गुंडाळीचा पडदा खालून उघडतो. प्रेक्षकाला नायिकेचा चेहरा दिसण्याआधी तिचे पाय दिसतात. ते पाय चाळवत असले, एका पायावरचा भार दुसऱ्यावर जात असला किंवा हात खाली येऊन निरी सारखी करीत असला, तर समोर बाई उभी नसून बाई होऊ पाहणारा पुरुष उभा आहे, हे चेहरा येण्याआधीच उघडे पडते. म्हणून पडदेवाल्याने घंटा ऐकायची, सूर ऐकायचा, पण ओढायचे ते पाय ठरल्यावर. विंगेतून त्याला नटाचा चेहरा नीट दिसतही नाही, पायच दिसतात. “घंटा बाहेरच्यांसाठी असते,” काका म्हणाले.

आमच्या नटाला दिग्दर्शकांनी सांगितले होते की दुःखाने तो आतून हादरलेला आहे, आणि तो ते मनापासून करीत होता. हादरा पायांत उतरत होता. वर्षभर मी त्या काळाची छायाचित्रे, जाहिराती, नाटकांच्या हस्तलिखित प्रती पाहत होते, पडद्याचा रंग कोणत्या सरसात कालवावा याची शहानिशा करीत होते, आणि पडदा खालून उघडतो या गोष्टीचा नटाच्या उभे राहण्याशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

दिग्दर्शकांचे एक मात्र मानले पाहिजे. ते काकांजवळ गेले, “चुकलो,” म्हणाले, आणि इशारा रद्द करून पडदा केव्हा उचलायचा हे काकांवर सोपवले. नटाला त्यांनी एवढेच सांगितले की तू स्थिर झाल्याशिवाय पडदा जाणार नाही.

पाचव्या वेळी तिसरी घंटा झाली. ऑर्गनचा भाता भरला आणि सूर धरून राहिला. मी काकांच्या मागे उभी होते. नटाचे पाय हलत होते. डाव्या पायाची बोटे फळीवर आवळली जात होती आणि सुटत होती. सूर लांबत चालला तशी ऑर्गनवाल्याने मान वळवून विंगेकडे पाहिले. मग उजवी टाच टेकली, काही क्षणांनी डावी टेकली, बोटे सैल झाली, आणि काकांनी सगळे अंग खाली टाकून दोर ओढला. कापडाचा फडफडाट आणि कप्प्यांची करकर झाली, नटाच्या घोट्यांवर उजेड आला, मग गुडघ्यांपर्यंत, मग पाठीपर्यंत, आणि त्याने मान वर केली. ‘कट’ म्हणायला दिग्दर्शकांना बराच वेळ लागला.

काकांच्या तळहाताला दोराने सालटे निघाले होते, त्यावर मी मलम लावले. त्यांच्या हातांचे दृश्य घ्यायचे राहूनच गेले, कारण तोवर पावसाने वीज गेली होती आणि जनरेटरचा आवाज ध्वनिमुद्रणाला चालणारा नव्हता. हातांवाचूनच चित्रपट पूर्ण झाला.

संध्याकाळी निर्मिती विभागातल्या मुलाने त्यांच्यापुढे व्हाउचर ठेवले. कामाच्या रकान्यात ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ असे आधीच लिहिलेले होते. काकांनी चष्मा लावून ते वाचले, माझ्याकडून पेन मागून घेतले, त्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी ‘पडदा’ असे लिहिले आणि मग सही केली.