किकलीच्या वेशीवर तुटलेली तार

वाईहून निघालेल्या नऊ सायकलींपैकी सातव्या सायकलीच्या मागच्या चाकातून ‘टिंग’ असा आवाज आला, तेव्हा घड्याळात साडेदहा वाजले होते. किकली गावाच्या अलीकडचा गतिरोधक नुकताच ओलांडला होता. दहा-वीस फुटांवर रिम, म्हणजे चाकाची बाहेरची कड, डाव्या ब्रेकपॅडला घासायला लागली. मागच्या चाकाची कॅसेटच्या (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) बाजूची, म्हणजे उजवीकडची, एक तार (स्पोक) हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, जवळच्या वाकणात तुटली होती.

निवांत सहलीत सगळ्यात जास्त ताण मागच्या चाकावर येतो, आणि नेमका तोच भाग कुणी तपासत नाही. वेग कमी असल्यामुळे सायकलीला काही होणार नाही असं वाटतं. पण अशा सहलीत सामान भरपूर असतं, माणूस बराच वेळ सीटवर बसूनच असतो आणि प्रत्येक गावात दोन-तीन गतिरोधक लागतात. ही सातवी सायकल चालवणाऱ्या काकांचं वजन 82 किलो आणि सायकलीचं 14. बसलेला माणूस आणि सायकल यांच्या एकत्र वजनाचा साधारण साठ टक्के भाग मागच्या चाकावर पडतो. त्यात मागच्या पिशव्यांचे 14 किलो मिळवले तर चाक सत्तरच्या पुढे जातं. 32 तारांचं चांगलं बांधलेलं चाक हे वर्षानुवर्षं सोसतं, मात्र सगळ्या तारा सारख्या ताणलेल्या असतील तरच.

त्या दिवसाचा मार्ग होता वाई, मेणवली, परत वाई, भुईंज, किकली, लिंब आणि सातारा. सगळे मिळून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतराला आम्ही पूर्ण दिवस देतो, कारण या भागात वेळ जातो तो थांबण्यात. पावणेसातला निघून आम्ही आधी मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट सकाळच्या उन्हातच बघावा. घाटावरची घंटा वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली आहे, तिच्यावर 1707 हे साल कोरलेलं आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. इथे पाऊण तास तरी ठेवावा. वीस मिनिटांत उरकायचं असेल तर सायकलीने जाण्यात काही अर्थ नाही.

जानेवारी असल्यामुळे ऊसतोड जोरात होती. उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर वळणावर आत कापतात, म्हणून वळणाआधीच एका रांगेत यायचं हा नियम आम्ही पाळतो. पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरतं. कडेच्या मातीत उतरलं तर बाभळीचे काटे आणि सराटे असतात. टायर 38 मिलिमीटरचे होते, हवेचा दाब पुढे 50 आणि मागे 60 पीएसआय. खांबासारखी कडक हवा भरली की चाकाला बसणारा प्रत्येक धक्का थेट तारांवर जातो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. काकांनी स्वतः पंप मारून मागे 75 भरली होती.

तुटलेल्या तारेचं निदान तिथेच झालं. तुटलेल्या तोंडाकडे उन्हात धरून पाहिलं, तर अर्धा भाग काळपट आणि अर्धा चकचकीत होता. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक आठवडे वाढत असणार, गतिरोधकाने फक्त उरलेली अर्धी तार तोडली. शेजारच्या तारा बोटाने छेडल्या, तर दोन अगदी ढिल्या वाजल्या. ढिली तार दर फेऱ्याला सैल पडते आणि पुन्हा ताणली जाते. धातू तुटतो तो या हेलपाट्यांनी, नुसत्या वजनाने क्वचितच. सकाळी आम्ही ब्रेक, टायर आणि चेन बघितली होती. तारा छेडून बघितल्या नव्हत्या, ही आमची चूक.

आमच्या पेटीत तीन तारा होत्या, पण तिन्ही डाव्या बाजूच्या मापाच्या. मागच्या चाकात कॅसेटसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे उजव्या तारा साधारण दोन मिलिमीटरनी आखूड असतात. लांब तार घातली तर निपल (तार रिमला आवळणारी छोटी चाकी) घट्ट होण्याआधीच आटे संपतात. शिवाय उजवी तार घालायची तर कॅसेट काढावी लागते, आणि ते हत्यार सामानाच्या गाडीत होतं. गाडी महामार्गाने पुढे लिंबला पोचली होती.

मग तात्पुरतं काम केलं. तुटलेली तार शेजारच्या तारेला वेढा देऊन चिकटपट्टीने बांधली, म्हणजे ती डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) अडकणार नाही. उजवी तार गेली की रिम त्या जागी डावीकडे ओढली जाते, म्हणून लगतच्या दोन डाव्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल केल्या आणि जवळच्या दोन उजव्या तारा पाव-पाव फेरा आवळल्या. एकदम जास्त फिरवलं की चाक वर-खाली उडायला लागतं, म्हणून दर वेळी चाक फिरवून बघायचं. पाच मिलिमीटरचा आऊट, म्हणजे चाकाचं डावीकडे-उजवीकडे डगमगणं, दोनवर आला. त्याहून जास्त तासायच्या भानगडीत पडलो नाही, कारण आवळलेल्या तारांवर आधीच जादा भार होता. ब्रेकची तार ॲडजस्टरने थोडी ढिली केली, ब्रेक मोकळा सोडला नाही. मागची हवा 50 वर आणली. पिशव्या चार सायकलींवर वाटल्या. काकांना एवढंच सांगितलं, “काका, गतिरोधक आला की पेडलवर उभं राहायचं, आणि मागे कसलंही सामान लावायचं नाही.”

यात चाळीस मिनिटं गेली. बाकीचे तोवर किकलीच्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघत होते. इथल्या वीरगळांवर खालून वर वाचायचं असतं: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे बसलेला वीर. हे वाचायला एरवी आम्ही पंधरा मिनिटं देतो. त्या दिवशी सगळ्यांनी एकेक दगड निवांत पाहिला, आणि आता किकलीचा थांबा कायमचा एक तासाचा केला आहे.

लिंबला बारा मोटांच्या विहिरीवर दुपार काढली. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली ही विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद आहे. आत उतरायला दगडी पायऱ्या, मोटा चालायच्या त्या धावा आणि वर छोटा महाल. पायऱ्यांवर क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) बूट घालून उतरू नये. गुळगुळीत दगडावर लोखंडी तुकडा घसरतो आणि खाली पाणी आहे. रबरी तळव्याची चप्पल प्रत्येकाच्या पिशवीत असावी, असं आम्ही आदल्या दिवशीच सांगतो.

संध्याकाळी साताऱ्यात दुकानात कॅसेट काढून नवीन तार घातली. माप वाकणाच्या आतल्या कडेपासून आट्याच्या टोकापर्यंत घेतलं. आट्यावर तेलाचा थेंब टाकला, म्हणजे निपल फिरताना तार पिळली जात नाही. त्याच वेळी सगळ्या उजव्या तारा छेडून एका सुरात आणल्या, मग डाव्या. डाव्या बाजूचा सूर खालचा असतोच, तो उजवीशी जुळवायला जायचं नाही. काकांना आम्ही चाक पुन्हा बांधून घ्यायला सांगितलं, कारण एक तार थकून तुटली की त्याच वयाच्या बाकीच्या मागोमाग येतात.

जेवणाआधी उरलेल्या आठ सायकलींची चाकं उलटी करून तपासली. आणखी एका मागच्या चाकात दोन उजव्या तारा ढिल्या निघाल्या. आता आमच्या पेटीत दोन्ही मापांच्या दोन-दोन तारा, स्पोकचा पाना आणि कॅसेटचं छोटं हत्यार कायम सायकलवरच असतं. ही पेटी सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे दिली जाते, कारण बिघाड झालेली सायकल नेहमी मागेच पडते.