भाजी धरायची की फोडणी?

ठाणे, मे अखेर

जांभळी नाक्याच्या बाजारात सध्या काकडीचा ढीग आणि हापूसच्या शेवटच्या पेट्या शेजारीशेजारी दिसतात. काकडीत 100 ग्रॅमला जेमतेम 15 कॅलरी, आंब्याच्या गरात साधारण 60. वजन उतरवण्यासाठी मोबाइलवर रोजच्या कॅलरींचा हिशेब ठेवणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘फळं-भाज्या धरायच्या का?’ हा प्रश्न दोन्ही जिन्नस एकाच पिशवीत घालतो. मग उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते.

माझं मत असं, की जे रोज तेवढंच पोटात जातं ते लिहिलं नाही तरी चालतं. जे कमीजास्त होतं ते लिहायलाच हवं. रोज पाव किलो पालक आणि एक काकडी खाणाऱ्याने ती कधीच नोंदवली नाही, तर साधारण 75 कॅलरी वहीबाहेर राहतात. पण रोज त्याच 75. वजन उतरत नाही असं दिसलं की तो आपला रोजच्या कॅलरींचा ठरवलेला आकडा खाली आणतो आणि त्या 75 त्यात आपोआप जिरतात. आंब्याचं तसं नाही. 250 ग्रॅमच्या हापूसमधून साल-बाठा जाऊन 160 ग्रॅमच्या आसपास गर निघतो, म्हणजे 95 ते 100 कॅलरी. दिवसाला दोन आंबे म्हणजे जवळपास 200. ज्याने रोज 400 ची तूट (गरजेपेक्षा तेवढ्या कॅलरी कमी खाणं) ठरवली आहे, त्याची निम्मी तूट ‘फळच तर आहे’ या सदरात गेली. मार्चमध्ये चाललेला हिशेब मेमध्ये का बिघडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा पेटीत असतं. अर्थात म्हणून आंबा सोडायचा असं मी म्हणणार नाही. लिहून खावा.

भाजीत मात्र खरी गडबड भाजीची नसतेच. दुधीचं उदाहरण घेऊ. सोललेला दुधी अर्धा किलो: 75 कॅलरी. चण्याची डाळ 50 ग्रॅम: सुमारे 170. तेल दोन मोठे चमचे, म्हणजे 27 ग्रॅम: 245. वरून ओलं खोबरं 20 ग्रॅम: 70. झाले 560, त्यात दुधीचा वाटा सातव्या हिश्शाहून थोडा कमी. शिजून भाजी 550 ग्रॅम भरली, तर 150 ग्रॅमच्या वाटीत सुमारे 150 कॅलरी. अ‍ॅपमध्ये ‘दुधी, शिजवलेला’ अशी ओळ निवडली तर तीच वाटी 20-25 दाखवते, कारण तो आकडा नुसत्या पाण्यात उकडलेल्या दुधीचा असतो. दोन वेळच्या जेवणात अशी एकेक वाटी म्हणजे अडीचशेचा फरक, तोही दुधी खाऊन!

तेल मोजायला चमचा नको. फोडणी घालताना चमचा कधी काठोकाठ असतो, कधी ओसंडतो. तेलाची बाटली किंवा बुधली वजनकाट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, कढईत तेल ओतून बाटली पुन्हा काट्यावर ठेवायची. उणे 22 दिसलं तर 22 ग्रॅम गेलं, गुणिले 9, कारण तेलात ग्रॅममागे 9 कॅलरी. कढईचं रिकामं वजन एकदाच घेऊन डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलं, की भाजी झाल्यावर कढईसकट वजन करून निव्वळ भाजी काढता येते. एकूण कॅलरींना त्या वजनाने भागून वाटीतल्या ग्रॅमने गुणलं की वाटीचा हिशेब सुटला. शेंगदाण्याचं कूट आणि सुकं खोबरं यांना तेलाइतकाच मान द्यावा: कूट 100 ग्रॅमला 560 च्या पुढे, सुकं खोबरं 650 च्या वर. वांग्याचे काप तव्यावर टाकले की तेल पितातच. तिथेही बाटलीचंच वजन खरं.

भाजी कच्चीच तोलावी. मेथीची मोठी जुडी निवडून परतली की वाटीभर उरते. पाणी उडालं, कॅलरी तेवढ्याच राहिल्या. शिजलेलं वजन आणि कच्च्याचा आकडा यांची जोडी लावली की हिशेब फसतो.

बटाटा, रताळं, सुरण, मटार, मका हे मंडईत भाजीत बसतात, वहीत धान्याजवळ. बटाटा 100 ग्रॅमला 77, रताळं 86, मटार 81. यांना सूट नाही. तरी बटाट्याची बदनामी जरा जास्तच झाली आहे: शिजलेला भात 130 च्या घरात असतो, उकडलेला बटाटा त्याच्या बराच खाली.

केळ्याला वेगळा परिच्छेद द्यावा लागतो. अ‍ॅपमधलं ‘एक मध्यम केळं’ सोललेलं 118 ग्रॅमचं, 105 कॅलरींचं. आपल्याकडची वेलची केळी सोलून 40-50 ग्रॅम भरते, म्हणजे 40-45 कॅलरी. ‘एक’ असं लिहिणारा वेलचीवाला दुपटीहून जास्त लिहितो आणि उगाच उपाशी राहतो. सालासकट तोललं तरी चूक, कारण केळ्याचा तिसरा हिस्सा साल असते. कलिंगड 30, पपई 43, चिकू 83, सीताफळ 94, फणसाचे गरे 95, सगळं खाण्याजोग्या भागाच्या 100 ग्रॅमचं. ओलं खजूर-मनुका या बाजूला आणूच नयेत. मनुका 300 च्या आसपास, मूठ कधी संपली कळतही नाही. शहाळ्याचं पाणी पेलाभर 50 च्या आत, मलई खरवडली तर ती वेगळी धरायची. मोसंबीचा रस स्टेशनबाहेर घेतला तर पेल्याला शंभर आणि वर साखर. तीन-चार मोसंबी सोलून खायला वेळ लागतो, रस दोन मिनिटांत संपतो.

आकडे कुठून घ्यायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते भारतीय भाज्यांसाठी चांगले, पण त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, 4.184 ने भागावं. हे विसरून कोणी अ‍ॅपमध्ये आकडा तसाच भरला, तर भाजी चौपट होते. शंका आली की कर्बोदकं आणि प्रथिनं गुणिले 4, स्निग्ध गुणिले 9 अशी बेरीज मारावी. पालेभाज्यांत चोथ्यामुळे थोडं कमीजास्त येईल, पण चौपट फरक लगेच पकडला जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांना कॅलरीपेक्षा फळातली कर्बोदकं महत्त्वाची. त्यांनी सूट देण्याची ही पद्धत वापरू नये, डॉक्टरांनी सांगितलेला हिशेबच ठेवावा.

पालेभाजी, काकडी, टोमॅटो, कोबी, दुधी, पडवळ: यांसाठी रोज एकच ओळ, सरसकट 100. जास्त खाल्लं तरी 100, कमी खाल्लं तरी 100. पोषण संस्थेने रोज 400 ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. पाणीदार भाज्यांनी ते भरलं तर बेरीज याच्या जवळपास येते. फळं, कंद आणि तेल-खोबरं-कूट मात्र ग्रॅममध्ये. आकडा बदलायचा तो एका सकाळच्या वजनावर नको. आठवड्याच्या सरासऱ्या घ्याव्यात आणि अशा चार सरासऱ्या तशाच राहिल्या, तर 100-150 ने खाली यावं.