शुद्ध शाकाहारी ओम्नी

गेल्या मे महिन्यातले सहा दिवस मी गाडीवरची पुरणपोळी खरवडण्यात घालवले.

गाडी म्हणजे ओम्नी, पांढरी, २०११ची. नर्सरीसाठी हवी होती. मारुतीने ओम्नी २०१९ साली बंद केली, त्यामुळे घ्यायची तर जुनीच. मागची सीट काढली की पोती, कुंड्या, कलमं सगळं मावतं, आणि दार सरकतं असल्यामुळे बोळातसुद्धा सामान उतरवता येतं. सांगलीत जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न ‘किती पळालीय’ हा नसतो, ‘पुरात होती का’ हा असतो. २०१९चा कृष्णेचा पूर बघितलेला माणूस सीटखालचं मॅटिंग उचलून गाळ शोधतोच. ही गाडी निघाली विट्याची. तिकडे प्यायच्या पाण्याची मारामार, पूर कुठला! आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे सौदा करून टाकला.

आधीचे मालक केटरर. माणूस अजून धंद्यात आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण गाडीवर ते तीन ठिकाणी होतं, दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर. नावाखाली हिरव्या अक्षरांत ‘शुद्ध शाकाहारी’, त्याखाली लाल अक्षरांत ‘पुरणपोळी, उकडीचे मोदक, अळूवडी ऑर्डरप्रमाणे’, आणि तळाला मोबाईल नंबर. काढूनच देतो म्हणाले होते. दिली तशीच.

पहिले पंधरा दिवस मी दुर्लक्ष केलं. मग मार्केट यार्डाच्या फाटकात एका बाईंनी काचेवर टकटक केली. “काकू, पोळी शेकड्यावर देता का नगावर?” म्हटलं, आम्ही रोपं विकतो. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि “नसेल द्यायची तर राहू द्या” म्हणून चालत्या झाल्या. त्या दिवशी गाडीत चार पोती बोनमील होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, गुलाबाला उत्तम. घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाईंना हसू आवरेना. मग म्हणाल्या, “अगं, बाकीचं राहू दे, ते शाकाहारी तेवढं आधी काढ.”

या अक्षरांना आपण रेडियम म्हणतो. खरं रेडियम एके काळी घड्याळाच्या चमकणाऱ्या काट्यांना असायचं. गाडीवर चिकटवलेलं मात्र चमको न चमको, आपल्याकडे ते रेडियमच. असते ती पीव्हीसीची पातळ फिल्म, मागे गम. नवीन असताना ती मऊ असते, कारण मऊ ठेवणारं द्रव्य तिच्यात मिसळलेलं असतं. उन्हातान्हात वर्षं गेली की ते उडून जातं, फिल्म आक्रसते आणि पापडासारखी कडक होते. नखाने उचलायला गेलं की तिळाएवढा कपचा हातात येतो. असे तीळ मी पहिल्या दिवशी दोन तास गोळा केले आणि ‘शुद्ध’मधला ‘शु’सुद्धा पुरा निघाला नाही.

मग विश्रामबागेतल्या एका रेडियमवाल्याकडे गेले. विशीतला पोरगा. काढून देणार का विचारलं तर म्हणाला, “काकू, चिकटवायला वीस मिनटं लागतात, काढायला दिवस मोडतो. आम्ही काढत नाही.” पण फुकटात शहाणपण दिलं: गरम करा, आणि ओढू नका, सोलत न्या.

लेकीचा हेअर ड्रायर घेतला. हीट गन वापरणारे वापरतात, पण तिची आच एका जागी जास्त वेळ राहिली तर रंगच भाजतो. ड्रायरने ती भीती जवळजवळ नाही. पत्रा किती तापवायचा? तळहात टेकवला तर चटका बसू नये, पण फार वेळ ठेवावासाही वाटू नये, इतपत. कमी तापला तर फिल्म तुटते. जास्त तापला तर फिल्म लोण्यासारखी ताणली जाते आणि गम सगळा गाडीवर. नेमका तापला की कड उचलायची, पट्टी जवळजवळ उलटी दुमडून अगदी सावकाश मागे न्यायची. घाई केली की गम मागे राहतो, सावकाश गेलं की बराचसा फिल्मबरोबर येतो. काम सकाळी नऊच्या आत. मेच्या दुपारी सांगलीत पत्रा इतका तापतो की ड्रायर बंद ठेवूनही गम लोंबायला लागतो.

पुढची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. देवनागरी काढायची तर शिरोरेघेपासून सुरुवात करायची. उजव्या बाजूच्या ‘पुरणपोळी’ला मी ‘पु’च्या डाव्या टोकाला, शिरोरेघेखाली, जुनं एटीएम कार्ड सरकवलं, आणि रेघ उचलत गेले तशी सगळी अक्षरं तिला लोंबकळत आली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. अख्खी पुरणपोळी हातात! मी ती उंच धरून ह्यांना दाखवली, ह्यांनी चहा पिता पिता “वा” म्हटलं.

डाव्या बाजूला तोच शब्द, तोच रंग, पण ‘प’ सुटा, त्याचा उकार सुटा, ‘ळी’ची वेलांटी वेगळी. प्रत्येक तुकड्याला नव्याने कड शोधायची. पुढे त्या रेडियमवाल्या पोराला विचारलं तर म्हणाला, वेल्ड केलं नसणार. मराठी फॉन्टात अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. कोरल नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आधी एकत्र जोडून घेतली, म्हणजे वेल्ड केली, तर मशीनची सुरी फक्त शब्दाच्या बाहेरून फिरते. नाही जोडली तर जिथे अक्षर अक्षरावर चढलंय तिथेही ती आडवी कापत जाते. म्हणजे कधी काळी कुणीतरी डावी बाजू करताना एक क्लिक वाचवली, आणि माझे दोन दिवस गेले.

नंबराला तर शिरोरेघच नाही. दहा आकडे, तीन ठिकाणी, म्हणजे तीस. इंग्रजी आकडे, प्रत्येक नंबरात चार आठ, आणि इंग्रजी आठ कमरेतच तुटतो.

फिल्म गेली, गम राहिला. पिवळट, त्यावर धूळ बसून काळा. अंगठ्याने चोळला की शेवया होतात, पण तीस आकडे अंगठ्याने चोळायचे म्हणजे अंगठा जायचा. गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, “वहिनी, थिनर न्या, दोन मिनटांत साफ.” एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरची बाटली घेऊन आले. उजव्या बाजूला खरंच दोन मिनिटं लागली. गम गेला, रंग जसाच्या तसा. मी खूश.

डाव्या सरकत्या दारावर फडकं फिरवलं तर फडकं पांढरं झालं. मला वाटलं मळ निघतोय. मळ पांढरा नसतो हे लक्षात यायला अजून दोन हात फिरवावे लागले. तोवर दारावर तळहाताएवढा रंग सायीसारखा सुरकुतला होता आणि त्यात फडक्याचे धागे रुतून बसले होते. मी तशीच उभी राहिले, हातात बाटली घेऊन.

झालं होतं असं की ते दार कधीतरी ठोकलेलं आणि बाहेर रंगवलेलं होतं. कंपनीचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, तो थिनरच्या चार पुसण्या सोसतो. गॅरेजात स्वस्तात मारलेला एनसी रंग थिनरमध्येच पातळ करून मारतात, म्हणून त्यातच तो पुन्हा विरघळतो. खूण समोर होती: दाराच्या काळ्या रबरी बीडिंगवर पांढरे शिंतोडे. गाडी घेताना आम्ही सीटखालचा गाळ शोधत बसलो, बीडिंगकडे बघितलंच नाही. काहीही लावायचं तर आधी दार उघडून आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लावून बघायचं. हे मला आता माहीत आहे. त्या दारासाठी पेंटरला साडेतीन हजार मोजले.

बाकीच्या गमासाठी मग मऊ उपाय. पेट्रोल चालतं म्हणतात, पण आमचे सासरे अंगणात बीडी ओढतात, तेव्हा तो विषय बंद. रॉकेल उत्तम, पण आता मिळतंय कुठे? शेवटी खोबरेल तेलात थोडं निलगिरीचं तेल मिसळलं, फडकं भिजवून गमावर अर्धा तास चिकटवून ठेवलं, आणि पुट्टी ओढायच्या प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. हळू होतं, पण रंगाला काही होत नाही. तेलाचा ओशटपणा काढायला करोनातलं सॅनिटायझर निघालं, पाच लिटरचा कॅन माळ्यावर तसाच होता. जेल नव्हे, पाण्यासारखं पातळ. चार दिवस अंगणाला सर्दी झालेल्या घराचा वास येत होता.

गाडी साफ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारलं आणि उजव्या बाजूला ‘पुरणपोळी’ परत उमटली. रेडियमखालचा रंग ऊन न लागल्यामुळे नवा राहतो, भोवतालचा पिवळट, भुकटीसारखा होतो. कोरड्यात दिसत नव्हतं, ओल्यात स्वच्छ वाचता येत होतं. यावर औषध एकच, रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट. तेही अक्षरांवर नाही, भोवतालच्या रंगावर घासायचं, कारण जुना तोच आहे. या वेळी फडकं पांढरं झालं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण ओम्नीचा साधा पांढरा, वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर नसतो, तेव्हा घासल्यावर थोडा रंग उतरणारच. पत्र्याच्या कडांवर मात्र जपून, तिथे रंग आधीच पातळ. कंपाउंडनंतर वॅक्स. पुरणपोळी गेली. अळूवडी अजून पावसात दिसते.

मागच्या काचेवर स्वामी समर्थांचं स्टिकर होतं, ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’. काचेवरचं काढणं सगळ्यात सोपं: साबणाचं पाणी आणि ब्लेड, काचेला ओरखडा येत नाही. पण ब्लेड आणते म्हटल्यावर सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. “देवाला ब्लेड लावायचं नाही.” ते ठेवलं आहे. बोनमील खाली, स्वामी वर.

जूनमध्ये नर्सरीचं नाव घालायला त्याच पोराकडे गेले. त्याने संगणकावर नाव टाइप केलं, मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हटलं, “वेल्ड कर. मला दाखवून कर.” त्याने केलं. मशीन फिरलं, अक्षरांच्या पोटातला नको तो भाग त्याने सुईने उचलून टाकला.

“आणि नंबर काकू? तिन्ही बाजूंना टाकतो.”

“फक्त मागे,” म्हटलं. “एकदाच.”