नवा गुडघा आणि फुप्फुसातली गुठळी

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या दिवशी सकाळी वॉकरच्या आधाराने मी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत गेले. अंतर अवघे सात पावलांचे, आणि तरीही दाराची चौकट धरून मला थांबावे लागले. आदल्या दिवशी हेच अंतर मी न थांबता गेले होते. गुडघा दुखत होता, पण तो रोजच दुखत होता. थांबावे लागले ते दम पुरत नव्हता म्हणून. परत येऊन पलंगावर बसले, तरी धाप ओसरायला बराच वेळ लागला.

ही धाप अशक्तपणाची आहे असे घरातल्या सगळ्यांना वाटले आणि मलाही वाटले. शस्त्रक्रियेत रक्त गेले आहे, जेवण जात नाही, दुखण्याने रात्री झोप लागत नाही, मग थकवा येणारच, अशी कारणे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. सुनेने मुगाचे कढण करून दिले, यांनी खिडकी उघडून पलंग तिच्याजवळ ओढला. दुपारी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात फोन केला, तेव्हा पलीकडच्या व्यक्तीनेही असा थकवा स्वाभाविक आहे, लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, एवढेच सांगितले. श्वासाबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही याचे मला आजही वाईट वाटते, कारण तो विचारला असता तर सहा-सात तास वाचले असते. संध्याकाळी खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली सुई टोचल्यासारखी कळ येऊ लागली. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून होता. मुलाने तो काढून माझ्या बोटाला लावला, तर प्राणवायूचा आकडा 89 आणि बसल्या जागी नाडी 118. त्यानंतर घरात अशक्तपणाचे नाव कोणी काढले नाही.

आम्ही साताऱ्यात राहतो. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या जानेवारीत पुण्यात झाली आणि पाचव्या दिवशी मला घरी सोडले. गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी लिहून दिली होती आणि ती मी एकदाही चुकवली नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण गोळी घेतली म्हणजे धोका पूर्ण टळला असे नाही. येताना खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली होती, त्यामुळे अडीच तासांच्या प्रवासाला चार तास लागले आणि तेवढा वेळ मी पाय लांब करून एकाच स्थितीत बसून होते. त्या प्रवासानेच गुठळी झाली असे मी म्हणणार नाही आणि डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. मात्र त्यानंतर दोन दिवसांनी पोटरीत जो ठणका सुरू झाला तो मी कोणालाच सांगितला नाही, कारण मांडीपासून घोट्यापर्यंत अख्खा पाय सुजलेला असताना पोटरीचे वेगळे काय सांगायचे, असे मला वाटले. ते सांगायला हवे होते.

साताऱ्यातल्या रुग्णालयात रात्री ज्या तरुण डॉक्टरांनी मला तपासले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काकू, शस्त्रक्रिया होऊन किती दिवस झाले?” मग त्यांनी दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला, ईसीजी काढला आणि हृदयाची टूडी एको तपासणी केली. त्यात हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसला. गुठळीसाठी रक्ताची डी-डायमर नावाची एक चाचणी असते, पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसात ती तशीही वाढलेलीच येते, म्हणून त्यात वेळ न घालवता त्यांनी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायला सांगितले. हाताच्या शिरेतून औषध सोडल्यावर घशापासून ओटीपोटापर्यंत ऊन पाण्याची लाट सरकल्यासारखे वाटते, ते क्षणभराचे असते. अर्ध्या तासात निदान हाती आले: पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांत अडकलेल्या रक्ताच्या गुठळ्या. उजवीकडे दोन ठिकाणी आणि डावीकडे एका ठिकाणी.

मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. पायांकडून वर येणाऱ्या शिरा, त्यांची मिळून झालेली महाशीर, हृदयाची उजवी बाजू आणि तिथून फुप्फुसाकडे निघालेली धमनी, ही आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. पायातली गुठळी सुटली तर ती फुप्फुसातच का जाऊन अडकते, याचे उत्तर त्याच आकृतीत आहे, पण ते मला रुग्णालयाच्या खाटेवर पडल्यावर दिसले. पायापासून हृदयापर्यंतची वाट पुढे पुढे रुंद होत जाते, म्हणून गुठळी विनासायास वर येते. हृदयाच्या पलीकडे मात्र धमनीला फाटे फुटत जातात, प्रत्येक फाटा आधीच्यापेक्षा अरुंद, आणि त्यातल्या एखाद्यात ती रुतते. त्याच्या पुढच्या भागात हवा पोचते पण रक्त पोचत नाही, म्हणून छाती भरून श्वास घेतला तरी तो पुरत नाही.

एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ विरखो या जर्मन शास्त्रज्ञाने ही वाट प्रथम नीट उलगडून दाखवली. त्याचा जन्मदिवस 13 ऑक्टोबर, आणि 2014 पासून तोच जागतिक थ्रॉम्बोसिस (म्हणजे रक्तवाहिनीत गुठळी होणे) दिन म्हणून पाळला जातो. गुठळी होण्याची त्याच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आहेत: रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्तातली गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. गुडघा बदलताना ही तिन्ही एकाच वेळी जुळून येतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मांडीला अनेकदा पट्टा आवळलेला असतो, हाड कापले जाते, शरीर जखम भरून काढण्यासाठी गोठण्याची सगळी यंत्रणा जागी करते, आणि नंतरचे दिवस माणूस बहुतांशी अंथरुणात असतो. प्रतिबंधक औषधे देण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या अभ्यासांत, गुडघा किंवा खुबा बदललेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या पायांत तपासणीअंती गुठळ्या सापडत. त्यांतल्या बहुतेक लहान असत आणि आपोआप विरून जात. आता औषधे आणि दुसऱ्याच दिवशी चालवणे यांमुळे फुप्फुसापर्यंत गुठळी जाण्याचे प्रमाण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे. हा विकार आपल्याकडे फारसा होत नाही असा समज बरीच वर्षे होता, आणि मला वाटते, आमच्या फोनला मिळालेले उत्तर त्याच समजातून आले असावे.

दोन दिवस अतिदक्षता विभागात आणि चार दिवस साध्या खोलीत गेले. पोटावर दिवसातून दोनदा हेपारिनच्या जातीचे, म्हणजे रक्त गोठू न देणारे, इंजेक्शन मिळत असे, त्याचे निळे-जांभळे डाग पुढे दोन आठवडे राहिले. मग गोळी सुरू झाली, पहिले तीन आठवडे दिवसातून दोनदा आणि नंतर रोज एक, तीही जेवणासोबत, कारण उपाशीपोटी ती अंगात पुरेशी शोषली जात नाही.

या गोळीला सगळेजण रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात आणि त्या नावामुळेच माझा मोठा गैरसमज झाला. मला वाटले, गोळीने गुठळी विरघळेल आणि आठवड्याभरात श्वास मोकळा होईल. तसे न झाल्यावर औषध लागू पडत नाही या विचाराने मी खचले. तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची ओढून, शांतपणे समजावून सांगितले की गोळी रक्त पातळही करत नाही आणि गुठळी विरघळवतही नाही. ती फक्त गुठळीला वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. विरघळवण्याचे काम शरीर स्वतः करते, प्लाझ्मिन नावाच्या विकराने, आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. गुठळी तातडीने विरघळवणारे औषध वेगळे असते, पण रक्तदाब कोसळला, जीवच धोक्यात आला, तरच ते देतात, कारण ताज्या शस्त्रक्रियेच्या जागी त्याने मोठा रक्तस्राव होऊ शकतो. या दहा मिनिटांच्या बोलण्याने मला जितका धीर आला तितका त्या सहा दिवसांत दुसऱ्या कशाने आला नाही. आपले शरीर काम करते आहे आणि त्याला वेळ द्यायचा आहे, हे कळल्यावर वाट पाहणे सोसवते.

घरी आल्यावर खरी ओढाताण सुरू झाली. बदललेला गुडघा पहिल्या सहा आठवड्यांत वाकवला नाही तर आखडतो, त्याला व्यायामाची सूट देता येत नाही. आणि छाती मात्र चार पावलांत विश्रांती मागत होती. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. ती म्हणाली, “बाई, गुडघा वाकवण्याचे व्यायाम झोपून आणि बसून होतात, त्यांना फारसा दम लागत नाही, ते आपण पूर्ण करू. चालणे मात्र तुमच्या श्वासाच्या हिशेबाने वाढवू.” तिने सांगितलेला नियम असा, की चालता चालता बोलता आले पाहिजे, बोलणे तुटले की थांबायचे. मी सतराचा पाढा म्हणत चालू लागले. पहिल्या दिवशी सतरा त्रिक एक्कावन्नला आवाज तुटला आणि मी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. आठवड्यानंतर सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत पोचले. एखाद्या दिवशी मागेही गेले, विशेषतः रात्री झोप झाली नसेल तर. पंचविसाव्या दिवशी अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन परत येताना पाढा पुरा झाला, तेव्हा हे ओट्यावर उभे राहून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

गोळी चालू असताना रक्त लवकर थांबत नाही, हे डोक्यात ठेवून वागावे लागते. नव्या गुडघ्याने खाली बसता येत नाही, म्हणून विळी सुटली आणि मी ओट्याशी उभी राहून सुरीने भाजी चिरू लागले. सवय नसल्यामुळे एकदा दुधी चिरताना अंगठ्याला लागले. जखम नखाएवढी, पण स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून, घड्याळ लावून दहा मिनिटे बसले, मधे उघडून पाहिले नाही, तेव्हा रक्त थांबले. गुडघ्यासाठी घरात असलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी बंद करून पॅरासिटामॉलवर आणले, कारण गुठळीची गोळी आणि डायक्लोफेनॅक मिळून पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. शेजारच्या वहिनींनी आपुलकीने दिलेला सांधेदुखीचा काढाही मी विचारल्याशिवाय घेतला नाही. काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर वाट न पाहता रुग्णालयात यायचे, ही सूचना घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होती.

रात्रीच्या भीतीबद्दल फार थोडे बोलले जाते, म्हणून ते लिहिते. कूस बदलली आणि बरगडीखाली जराशी कळ आली की पुन्हा तेच झाले असे वाटून मी उठून बसत असे. भीतीने नाडी वाढे, आणि वाढलेली नाडी पाहून भीती आणखी वाढे. ऑक्सिमीटर उशाशी होता आणि मी तो रात्रीत आठ-दहा वेळा लावत होते. शेवटी मी होऊन डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की हा मनाचा दुबळेपणा नव्हे, या आजारातून उठलेल्या अनेकांना महिनोन्महिने असे होते. त्यांनी आकडा फक्त सकाळ-संध्याकाळ पाहायला सांगितले, आणि लगेच कधी यायचे ते नेमके लिहून दिले: बसल्या जागी नव्याने धाप लागली, भोवळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा पायाची सूज अचानक वाढली तर. तो कागद पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. रात्री जाग आली की मी तो वाचत असे, आणि त्यातले काहीच होत नसेल तर दिवा मालवत असे.

तीन महिन्यांनी एको पुन्हा केली. हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताण नाहीसा झाला होता आणि फुप्फुसातला दाब नेहमीसारखा होता. थोड्या रुग्णांत गुठळी पूर्ण विरत नाही, तिचा व्रण होऊन दाब वाढलेलाच राहतो, म्हणून तीन महिन्यांनंतरही दम लागत असेल तर पुढच्या तपासण्या टाळू नयेत, असे डॉक्टरांनी सांगितले. माझी गुठळी शस्त्रक्रियेसारख्या तात्पुरत्या कारणाने झाली होती, म्हणून गोळी तिथे थांबवता आली. दिवाळीनंतर एका सकाळी मी साताऱ्यातल्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा थांबले, पण दोन्ही वेळा गुडघ्यासाठी.

डावा गुडघाही झिजलेला आहे आणि तोही बदलावा लागणार आहे. घरात दोन मते आहेत. मुलगा नको म्हणतो, हे काही बोलत नाहीत. नव्या शल्यविशारदांना भेटले तेव्हा एक्स-रे काढण्याआधी मी त्यांच्यापुढे फाइलचे पहिले पान ठेवले. त्यावर मी माझ्या हाताने, ठळक अक्षरांत लिहिले आहे: मागील सांधेरोपणानंतर नवव्या दिवशी दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या, उपचार तीन महिने, गोळीचे नाव आणि मात्रा. त्यांनी ते पान दोनदा वाचले, प्रतिबंधक औषध कोणते आणि किती दिवस द्यायचे हे फुप्फुसांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू असे सांगितले, आणि मग एक्स-रे मागितला.