काकडी नावाची कोल्ही

आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहतो. मागे तिवरं, तिवरांच्या मागे ठाण्याची खाडी. रात्री अकरानंतर कधीकधी तिकडून कोल्हेकुई येते. मला लहानपणापासून सवय. लेक मात्र गेल्या वर्षी पहिल्यांदा ती ऐकून उठून बसली.

"बाबा, कुत्रं रडतंय?"

"कोल्हा आहे."

"मुंबईत?"

तिला झोपवायला मी त्या कोल्ह्याची गोष्ट रचली, आणि तिथेच फसलो. तोंडी गोष्ट सांगणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आठ वर्षांच्या मुलीची स्मरणशक्ती. काल कोल्ह्याला दोन भाऊ होते, आज तीन कसे? काल तो डावीकडे पळाला होता. चौथ्या रात्री तिने फर्मान काढलं, "तू लिहूनच ठेव."

पहिला खर्डा एका रविवारी बसून लिहिला. वहीची अकरा पानं. खाडीतले सगळे प्राणी सभा भरवतात, रोहित पक्षी अध्यक्ष, कोल्हा प्लास्टिकवर तडाखेबंद भाषण करतो आणि शेवटी सगळे मंत्रालयावर मोर्चा नेतात. मला ते भलतंच आवडलं होतं. रात्री वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर लेक म्हणाली, "पण तो खातो काय?"

मला माहीत नव्हतं. "द्राक्षं," मी म्हणालो.

"खाडीत?"

माझ्या आईने पलीकडून टोला हाणला, "कोल्हा काकडीला राजी, ऐकलं नाहीस का कधी?" ती गंमत करत होती, पण मी वाचायला बसलो तेव्हा कळलं की म्हण अगदी बरोबर आहे. कोल्हा नुसता शिकारी नाही. फळं, उंदीर, मासे, चिंबोऱ्या, मेलेलं जनावर, मिळेल ते खातो. आणखी एक गोष्ट हाती लागली. कोल्हा-कोल्हीची जोडी टिकून राहते, आणि आदल्या वर्षीचं एखादं पिल्लू घर सोडून न जाता थांबतं, नव्या पिल्लांना सांभाळतं, त्यांच्यासाठी खाणं आणतं. म्हणजे थेट ताईच! अध्यक्ष, भाषण, मोर्चा सगळं त्याच रात्री कचऱ्यात गेलं. उरली एक वर्षभराची कोल्ही, तिची चार धाकटी भावंडं आणि भूक. तिचं नाव ठेवायला आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. काकडी.

दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात मी अशी केली होती: चैत्री पौर्णिमेची रात्र, डोक्यावर चंद्र, बाराचा सुमार, आणि काकडी खाडीच्या उघड्या चिखलात चिंबोऱ्या शोधते आहे. वाक्यं छान झाली होती. बाजारात मासे घेताना आमच्या नेहमीच्या मावशींना सहज सांगितलं. त्या बोंबील साफ करता करता थांबल्याच.

"पुनवेला मध्यरात्री? तेव्हा उधाण असतं. पाणी वरपर्यंत भरलेलं. तुमची कोल्ही काय पोहत चिंबोरी धरणार?"

मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साधारण त्या सुमाराला भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. तेव्हा मध्यरात्री ओहोटी मिळेल, पण तो भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान, पाणी लांबपर्यंत हटत नाही. आणि शुद्ध अष्टमीचा चंद्र तर मध्यरात्रीच्या सुमारास मावळायलाच लागतो. मुंबईत जन्म काढला, गणित कधी इतकं आवडलं नव्हतं.

प्रसंग पहाटेवर ढकलला आणि गोष्ट एकदम उजळली. आमची खाडी पूर्वेला. उधाणाचं पाणी मागे हटलेलं, चंद्र पार्कसाइटच्या डोंगराकडे उतरलेला, समोर उजाडतंय, चिखलावर निवट्या नावाचे मासे उड्या मारतायत आणि लांबवर रोहितांची गुलाबी रेघ. यातलं काहीही मला रचावं लागलं नाही. रचलं फक्त काकडीचं धाडस: पिल्लांची ढोली ज्या बाजूला आहे तिथे पाण्याची वाट बुजली आहे, माणसं आणि कुत्री येऊ लागली आहेत, आणि पुढची भरती चढायच्या आत एकेक पिल्लू मानगुटीला धरून चिखलापलीकडे न्यायचं आहे. चार पिल्लं म्हणजे चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला पाणी थोडं वर. लेक तिसऱ्या खेपेला माझा दंड धरून ठेवायची.

चित्रं तिचीच. पहिली काकडी लालभडक निघाली, शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. परदेशी चित्रांच्या पुस्तकांतून आलेला तो फॉक्स. मराठीत आणताना त्यालाही आपण सर्रास कोल्हा म्हणतो, म्हणून हा घोळ. आपला कोल्हा मातकट-सोनेरी, शेपटीचं टोक काळसर. वर्तमानपत्रात आलेला खाडीतल्या कोल्ह्याचा फोटो तिला दाखवला. ती जरा खट्टू झाली. "हा तर कुत्र्यासारखाच आहे." मग चिखलाचा रंग आणि काकडीचा रंग एकच निघाल्यावर खूश झाली, कारण आता काकडी लपू शकत होती.

मध्यंतरी एका प्रकाशनात गोष्ट दाखवायची हौस केली. तिथल्या गृहस्थांनी आदराने चहा पाजला आणि म्हणाले, "छान आहे, पण बोध कुठाय? शेवटी काकडी मुलांना सांगते, झाडं वाचवा, असं काहीतरी टाका." मी घरी येऊन टाकलंही, खोटं कशाला बोला. एक अख्खं पान. त्यात एक म्हातारा रोहित माहिती सांगायचा: ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्य जाहीर केलं, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा मिळाला, आणि 2020 मध्ये पांढरी चिप्पी आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. खरं सगळं. पण पक्षी असं बोलतो का? वाचताना त्या पानावर लेक पाणी प्यायला उठायची. दर वेळी.

त्या पानाचा निकाल शेवटी झेरॉक्सवाल्याने लावला. घरातल्या आणि शेजाऱ्यांसाठी दहा प्रती काढायच्या ठरल्या. मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत हवीत, माझी सव्वीस. "चोवीस करा, नाहीतर दोन कोरी जातील," तो म्हणाला. बोधाचं पान आणि मी स्वतःबद्दल लिहिलेलं मनोगत, दोन्ही तिथेच काउंटरवर काढली. मनोगत काढताना जरा जिवावर आलं.

एक प्रश्न मात्र राहिला होता. पाण्याची वाट बुजली कशाने? मी लिहिलं होतं, रात्री डंपर येतो आणि राबिट टाकून जातो. राबिटाने ओहोळ बुजला की भरतीचं पाणी आत येत नाही आणि तिवरं उभ्या उभ्या वाळतात. लेकीने विचारलं, "राबिट म्हणजे?"

"घराचं काम काढलं की निघतं ते. विटा, सिमेंट, फुटक्या फरश्या."

"आपलं निघालं होतं तसं?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही मोरी नव्याने केली. कंत्राटदाराच्या माणसांनी गोण्या भरून टेम्पोत टाकल्या. मी वरून बघत होतो, जिना साफ झाला म्हणून खूशही होतो. टेम्पो कुठे गेला हे मी विचारलं नव्हतं. "असेल कुठेतरी," मी तिला म्हणालो, आणि तिने फार ताणलं नाही.

प्रती आल्या त्या रात्री जेवणं लवकर उरकून सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. वाचायचा मान आईचा. ती चष्मा लावून ठसक्यात वाचत होती, काकडीचा आवाज बारीक काढून. पंधराव्या पानावर थांबली. पान दिव्याजवळ नेलं. तिथे लेकीने राबिटाचा ढिगारा काढला होता, राखाडी, आणि त्यात मधूनमधून निळ्या तुकड्यांवर पांढरी फुलं.

"अगं बाई," आई म्हणाली, "ही तर आपल्या मोरीची फरशी."

कुणीच काही बोललं नाही. पोरगी चित्राकडे बघतही नव्हती.

"आजी, वाच ना पुढे. पाणी चढतंय."